वाट आणि रेघ : काराकोरम-लडाखच्या खिंडींच्या अभ्यासात शिरताना

काराकोरम खिंड दिसायला फारशी नाही. समुद्रसपाटीपासून ५,५४० मीटरवर असूनही तिच्या माथ्यावर हिमनदी नाही की उभा कडा नाही. दगडगोट्यांचा उतार संथपणे वर चढतो आणि तितक्याच संथपणे पलीकडे उतरतो. दक्षिणेचे पाणी श्योकमार्गे सिंधूला मिळते, उत्तरेचे यारकंद नदीतून तारीमच्या वाळवंटाकडे जाते. जुन्या प्रवाशांना इथे वाट शोधावी लागत नसे, कारण दोन्ही बाजूंना मेलेल्या घोड्या-खेचरांची हाडे पडलेली असत आणि पुढचा तांडा त्यांच्याच मागाने जाई.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी याच खिंडीपाशी आणतो. हिच्यातून शतकानुशतके माणसे आणि माल गेला. आज या बाजूने त्या बाजूला कोणीही जात नाही. उलट हिच्या पश्चिमेला साल्तोरो रांगेत बिलाफोंड ला, सिया ला अशा खिंडी आहेत, ज्या व्यापाऱ्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हत्याच, आणि तिथे १९८४पासून बाराही महिने सैनिक राहतात. रहदारीच्या खिंडी ओस पडल्या, ओसाड खिंडींवर वस्ती झाली. हे उलटे गणित कसे जमले, हा माझ्या मते या अभ्यासाचा गाभा आहे. उंची, रस्ते, करार, तोफा हे सगळे त्याच्या पोटात येते.

मराठी वाचकाची खिंडीची कल्पना सह्याद्रीने घडवलेली असते, आणि ती सुरुवातीलाच थोडी बाजूला ठेवावी लागते. नाणेघाट असो वा बोरघाट, खाली कोकण आणि वर देश. घाट म्हणजे या दोन प्रदेशांमधला जिना. माथ्यावर बसणाऱ्याच्या हाती जकात आणि संरक्षण दोन्ही. काराकोरमच्या वाटेवर असे होत नाही. लेहहून यारकंदला जाताना खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि संजू अशा खिंडी एकीमागून एक लागतात, आणि नुब्रा खोरे मागे पडले की कितीतरी दिवस गाव लागत नाही, चारा लागत नाही. अशा ठिकाणी एकाच खिंडीवर पहारा ठेवून काही साधत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला खायला कोण आणि कुठून देणार, हा प्रश्न आधी उभा राहतो. तो सुटला तरच खिंडीला लष्करी मोल येते.

व्यापाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या लेखी खिंड म्हणजे आधी ऋतू, मग जागा. काराकोरम खिंड सर्वांत उंच, पण भीती वाटायची ती सासेर लाची. तिच्या माथ्यावर बर्फाचा थर आहे, भेगा आहेत, जनावरे घसरतात. म्हणून हिवाळ्यात सासेर टाळून गोठलेल्या श्योकच्या पात्रातून जात. यारकंदहून रेशीम, नमदे, गालिचे आणि चरस येई. इकडून सुती कापड, नीळ, मसाले, पोवळी जात. होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या लेहला आणि यारकंदलाही होत्या. या वाटेने हज यात्रेकरूही उतरत. मध्य आशियातले मुसलमान पाच खिंडी ओलांडून लेह, श्रीनगर करत मुंबईसारख्या बंदरापर्यंत येत आणि तिथून जहाजात बसत. मुंबई बंदराचा इतिहास लिहिताना काराकोरमची आठवण सहसा कोणाला होत नाही, व्हायला हवी.

या वाटेवरच्या मृत्यूंचीही नोंद आहे. काशगरचा सुलतान सईद खान १५३३मध्ये लडाखच्या मोहिमेवरून परतताना वाटेतच गेला. आज जिथे भारताची धावपट्टी आहे त्या दौलत बेग ओल्डीशी परंपरा त्याच्या मृत्यूचा संबंध जोडते. त्याचा नातलग आणि सरदार मिर्झा हैदर दुघलात याने ‘तारीख-ए-रशिदी’मध्ये या पठारावर माणसांना आणि घोड्यांना जडणाऱ्या ‘दमगिरी’चे वर्णन केले आहे : श्वास कोंडतो, शुद्ध हरपते, काही दिवसांत माणूस दगावतो. स्कॉटिश व्यापारी अँड्र्यू डॅलग्लिश १८८८मध्ये याच खिंडीजवळ मारला गेला, पण तो माणसाच्या हातून.

या साहित्यातले एक पुस्तक मी प्रत्येक नव्या अभ्यासकाच्या हाती आधी देतो. गुलाम रसूल गलवान हा लेहचा गरीब घरातला मुलगा. साहेबांचे ओझे वाहता वाहता तो तांड्यांचा म्होरक्या झाला आणि शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने आत्मचरित्र लिहिले. ते १९२३मध्ये प्रसिद्ध झाले. २०२०मध्ये जिचे नाव घरोघरी पोचले ती गलवान नदी त्याच्याच नावाने ओळखली जाते. साहेबांच्या प्रवासवर्णनांत खिंड ‘जिंकली’ जाते. रसूलच्या पुस्तकात ती पार केली जाते, आणि तेवढ्यात कोणते घोडे लंगडले, कोणाशी भांडण झाले, पीठ किती उरले याची आठवण येते. इतिहासाच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारचा तपशील मला अधिक मोलाचा वाटतो.

आता रेघेकडे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांना सीमा हवी होती, आणि डोंगराळ मुलखात सीमा आखायची तर पाणलोटाच्या माथ्यावरून आखावी हा त्यांचा आवडता नियम. कागदावर तो साधा दिसतो : पाणी जिथून दोन बाजूंना वाहते ती सीमा. मग खिंड म्हणजे त्या रेघेवरचा सर्वांत खोलगट बिंदू, एवढाच तिचा अर्थ उरतो. लडाखच्या ईशान्येला मात्र हा नियम फसतो. तिथे एक पाणलोट नाही. काराकोरमचा वेगळा, कुनलुनचा वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये अक्साई चिनचे पठार, जिथले बरेचसे पाणी कुठल्याच समुद्राकडे न जाता खाऱ्या तळ्यांत अडकते. १८६५मध्ये जॉन्सन या सर्वेक्षकाने खोतानपर्यंत जाऊन आल्यावर केलेल्या नकाशात अक्साई चिन काश्मीरमध्ये दाखवला गेला. १८९९मध्ये ब्रिटिशांनी चीनला दिलेल्या प्रस्तावात रेघ बरीच अलीकडे आली. चीनने त्या प्रस्तावाला उत्तरच दिले नाही. पुढचे सगळे वाद, दोन्हीकडची जाडजूड पुस्तके आणि १९५९-६०च्या चर्चांतला शब्दच्छल या दोन कागदांच्या मधल्या जागेत वाढला आहे.

तिथे रस्ता आल्यावर चर्चेचा वाद प्रत्यक्षात उतरला. शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा चीनचा रस्ता १९५७मध्ये अक्साई चिनमधून पूर्ण झाला. २१ ऑक्टोबर १९५९ला कोंगका लाच्या परिसरात, हॉट स्प्रिंग्जजवळ, भारतीय पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. आपल्याकडे दरवर्षी पाळला जाणारा पोलीस स्मृतिदिन त्या दिवसाचा. काराकोरम खिंडीतला व्यापार त्याच्या दहा वर्षे आधीच, शिनजियांगमध्ये साम्यवादी सत्ता आल्यावर, संपला होता. १९६३मध्ये पाकिस्तान आणि चीन यांनी सीमाकरार केला आणि शक्सगाम खोरे चीनकडे गेले. भारताने तो करार कधीच मानला नाही. त्या करारातली रेघ पूर्वेकडे येऊन थांबते तीही काराकोरम खिंडीपाशीच. वाट म्हणून मेलेली खिंड अशी नकाशावरची खूण म्हणून पुन्हा जिवंत झाली.

सियाचीनची कथा इथे जोडली जाते, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे तिची सुरुवात बहुधा १९८४मध्ये केली जाते. ती १९४९मध्ये करायला हवी. कराचीत ठरलेली युद्धबंदी रेषा श्योककाठच्या चालुंका गावाजवळून खोरपर्यंत नेमकी सांगितली गेली आणि तिथून पुढे ‘उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’ एवढ्यावर सोडून दिली गेली. १९७२मध्ये सिमला करारानंतर नियंत्रण रेषा नव्याने नक्की झाली, तेव्हाही ती एनजे ९८४२ या खुणेपाशी थांबली. दोन्ही वेळेस टेबलाभोवती बसलेल्या अधिकाऱ्यांना वाटले की पुढच्या बर्फात कोण जाणार! हा विचार त्या काळी मूर्खपणाचा नव्हता. ज्या खिंडींतून कोणाची ये-जा नाही, तिथे रेघ कशाला ओढायची?

जाणारे निघाले ते गिर्यारोहक. खरे तर त्यांचा राबता जुना. १९०९मध्ये लाँगस्टाफ बिलाफोंड ला ओलांडून पलीकडच्या प्रचंड हिमनदीवर उतरला आणि तिचा खरा विस्तार जगाला कळला. १९१२मध्ये फॅनी बुलक वर्कमन आणि तिच्या नवऱ्याने तिचे सविस्तर सर्वेक्षण केले. टोकाच्या इंदिरा कोलचे नावही त्या वेळचे, लक्ष्मीवरून दिलेले. इंदिरा गांधींशी त्याचा काही संबंध नाही, तरी हा गैरसमज अजून फिरतो. सत्तरच्या दशकात पाकिस्तान परदेशी मोहिमांना या भागाचे परवाने देऊ लागला. त्याच सुमारास काही अमेरिकी नकाशांवर एनजे ९८४२पासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत सरळ रेघ दिसू लागली, आणि सियाचीन तिच्या पाकिस्तानी बाजूला पडले. कर्नल नरेंद्र कुमार यांनी १९७८ आणि १९८१मध्ये भारतीय मोहिमा नेल्या. डोंगर चढायचा परवाना कोण देतो, यावर मुलूख कोणाचा हे ठरू लागले. गिर्यारोहणाच्या जुन्या नियतकालिकांना या अभ्यासात दस्तऐवजाचे स्थान आहे ते यामुळे. मुंबईतून चालणाऱ्या हिमालयन क्लबचे ‘हिमालयन जर्नल’ हा त्यातला सर्वांत समृद्ध साठा. ते दीर्घकाळ संपादित करणारे मुंबईचे हरीश कपाडिया स्वतः पूर्व काराकोरममध्ये हिंडले आहेत आणि सह्याद्रीच्या वाटांवरही त्यांनी लिहिले आहे.

१३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये चार कुमाऊँची एक तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड लाजवळ उतरली. तिचे नेतृत्व कॅप्टन संजय कुलकर्णी या मराठी अधिकाऱ्याकडे होते. काही दिवसांत सिया लाही ताब्यात आली. पाकिस्तानी तुकड्या पोचल्या तेव्हा माथे भरलेले होते. भारताच्या म्हणण्याप्रमाणे ‘उत्तरेला’ याचा अर्थ साल्तोरोच्या माथ्यावरून उत्तरेला, म्हणजे पाणलोटाचा जुना नियम. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे रेघ ईशान्येला, काराकोरम खिंडीकडे जाते. एका अपुऱ्या वाक्यामुळे दोन सैन्ये पाच-साडेपाच हजार मीटरच्या वर चढून बसली. नोव्हेंबर २००३पासून तिथे शस्त्रसंधी आहे. त्याआधीही गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनीच अधिक माणसे नेली. २०१२च्या एप्रिलमध्ये बिलाफोंडच्या पश्चिम पायथ्याच्या गयारी येथे पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळला आणि १४० माणसे गाडली गेली. सियाचीनवर एकाच बाजूची पुस्तके वाचणाऱ्याने गयारीबद्दल जरूर वाचावे.

मिर्झा हैदरची दमगिरी इथे पुन्हा भेटते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. १९६२च्या सुमारास मैदानी भागातून घाईने वर नेलेल्या जवानांच्या फुप्फुसांत पाणी होऊ लागले, तेव्हा लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला त्यांचा लेख उंचीवरच्या आजारांच्या अभ्यासात आजही वाचला जातो. टप्प्याटप्प्याने मुक्काम करत वर जाण्याची शिस्त अशा अनुभवातून पक्की झाली. खिंडीचा इतिहास लिहिणाऱ्याला थोडे शरीरशास्त्र यावेच लागते. ‘अमुक तासांत कुमक का पोचली नाही’ याचे उत्तर पुष्कळदा रक्तातल्या प्राणवायूत असते.

उंचीचा मोह मात्र आवरावा. या सगळ्या मुलखात लष्करीदृष्ट्या सर्वांत कळीची खिंड कोणती असे विचारले तर मी जोजी ला म्हणेन, आणि ती जेमतेम साडेतीन हजार मीटरची आहे. काश्मीर खोऱ्याची ओली हवा तिच्यावर येऊन आदळते, म्हणून बर्फ अफाट. द्रास, कारगिल, लेहकडे श्रीनगरहून जाणारा रस्ता तिच्यातूनच जातो. १९४८मध्ये तिच्यावर हल्लेखोर बसले होते आणि लेहचा जीव टांगणीला लागला होता. पायदळाचा आधीचा हल्ला फसला. मग जनरल थिमय्यांनी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे आणायचे ठरवले. ते गुपचूप, बुरूज काढून, झाकून रात्री सोनमर्गकडे नेले गेले. सॅपर्सनी चढणीची वाट रुंद केली आणि १ नोव्हेंबरला रणगाडे खिंडीत शिरले. समोरच्यांनी या उंचीवर रणगाडा कधी कल्पिलाही नव्हता. त्या महिन्यात द्रास आणि कारगिलही परत मिळाले. तेव्हापासून जोजी लाचा प्रश्न एकच आहे : हिवाळ्यात ती किती दिवस उघडी ठेवता येते? तिच्याखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगदा काढण्याचे काम त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. बोगद्याने खिंडीची गरज संपते, आणि मग तिचे सामरिक मोल बोगद्याच्या तोंडाशी सरकते. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला हा विषय नव्याने मांडावा लागेल.

हाजी पीर ही आणखी खालची, २,६३७ मीटरची खिंड. २८ ऑगस्ट १९६५ला मेजर रणजित सिंग दयाल यांच्या तुकडीने ती घेतली आणि ताश्कंद करारानंतर ती परत दिली गेली. ती परत का दिली, हा प्रश्न आपल्याकडे तावातावाने विचारला जातो. ताश्कंदला शास्त्रींबरोबर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. त्यांच्या युद्धकाळातल्या डायरीवर आधारलेले राम प्रधान यांचे पुस्तक २००७मध्ये आले, आणि तावातावाने बोलण्याआधी ते वाचलेले बरे.

साधनांविषयी दोन शब्द. इथे आकडे सहज फुगतात. खारदुंग लाच्या पाटीवर कैक वर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून तिथे छायाचित्रे निघत; उपग्रहाच्या साहाय्याने मोजल्यावर ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे आठशेएक फुटांनी कमी भरली. पलटणींचे इतिहास शौर्यासाठी लिहिलेले असतात. ते तसेच वाचावेत, पण त्यांतल्या रसदीच्या, हवामानाच्या नोंदी गाळू नयेत. १८ नोव्हेंबर १९६२ला रेझांग लावर मेजर शैतान सिंग यांच्या कंपनीतले १२० पैकी ११४ जण पडले. त्या लढाईचे वर्णन सर्वत्र आहे, पण मधल्या उंचवट्यामुळे आपल्या तोफांचा आधार त्यांना मिळू शकला नाही ही भूगोलाची गोष्ट त्यात हरवते. २०२०च्या ऑगस्ट अखेरीस भारतीय सैन्य त्याच रांगेवर पुन्हा चढले आणि २०२१च्या फेब्रुवारीत उभयपक्षी माघारीच्या समझोत्यात खाली आले, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा महत्त्वाची ठरली : तिथून स्पांगुरची मोकळी पट्टी खाली दिसते. आणि नकाशे : भारतीय, पाकिस्तानी, चिनी असे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय या मुलखाविषयी एक ओळही लिहू नये, मग आपली बाजू कोणतीही असो.

एक उणीव मला सतत खुपते. आपल्या लिखाणात सैनिक आहे, मुत्सद्दी आहे, गिर्यारोहक आहे. या खिंडी चालत्या ठेवणारा माणूस फार थोडा आहे. सीमा सडक संघटनेसाठी दरवर्षी झारखंडहून येणारे मजूर, सियाचीनच्या ठाण्यांवर ओझी नेणारे नुब्राचे हमाल, व्यापार संपल्यावर नुब्राच्या वाळूत मागे उरलेले दुवशिंडी उंट आणि त्यांना पोसणारी घरे यांचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. १९४९च्या करारात सीमेची खूण म्हणून ज्याचे नाव आले ते चालुंका, आणि त्याच्या शेजारची तुरतुक, त्याक्षी, थांग ही बाल्टी गावे १९७१च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानकडून भारताकडे आली. कोणी कामाला स्कर्दूला गेला होता, तो तिकडेच राहिला. अशा कुटुंबांकडे या विषयाचे जे ज्ञान आहे ते कोणत्याही दप्तरात नाही, आणि ते सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. बाल्टी किंवा लडाखी शिकायची तयारी असलेल्या तरुण अभ्यासकाला इथे वर्षानुवर्षांचे काम आहे. कारगिलमधले मुन्शी अझीझ भट संग्रहालय हे त्याचे पहिले ठिकाण असावे. एका व्यापारी कुटुंबाच्या सरायीतून निघालेल्या वस्तू तिथे आहेत.

त्याच कारगिलमधून सुरू नदीच्या आणि पुढे सिंधूच्या काठाने स्कर्दूला जाणारा रस्ता १९४८पासून बंद आहे. तो उघडावा अशी मागणी अधूनमधून होत असते. त्या रस्त्यावर एकही उंच खिंड लागत नाही.